शाळेच्या गच्चीवरचं पाणी खड्ड्यात नको, संडासात आणा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात एप्रिल-मे आला की टँकरचे फोटो रोज असतात, मी सांगतोय तो टँकर मात्र जुलैमधला आहे. मागच्या वर्षीची गोष्ट. धायरीत आमच्या मुलीच्या शाळेच्या गेटला सकाळी पावणेआठ वाजता १०,००० लिटरचा टँकर लागलेला आणि पाऊस असा की स्कूटरवरून पुढचा माणूस दिसत नव्हता. ड्रायव्हर काच वर करून आत बसलेला, क्लीनर पोरगं डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन शाळेच्या टाकीत पाइप सोडत होतं आणि त्याच्या पाठीमागं शाळेच्या भिंतीवरून उतरलेल्या सहा पाइपांतून गच्चीचं पाणी भसाभस रस्त्यावर येत होतं, टँकरच्या चाकाखालून वळसा घेऊन गटारात चाललं होतं. म्हणजे एकाच वेळी शाळा पाणी विकत पण घेत होती आणि फेकून पण देत होती, आणि गेटवर उभ्या असलेल्या आम्ही पंचवीस-तीस पालकांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, मला पण नाही, खोटं कशाला बोलू. मी पोरीला सोडली, रेनकोट झटकला आणि दुकान उघडायला गेलो.

मी काही पाण्यातला तज्ज्ञ नाही. सिंहगड रोडच्या बाजूला माझं प्लंबिंगच्या सामानाचं दुकान आहे, अठरा वर्षं पाइप, एल्बो, बॉल व्हॉल्व्ह विकतोय. दुसऱ्यांच्या घरी पाणी कसं न्यायचं ते सांगण्यात आयुष्य चाललंय आणि स्वतःच्या पोरीची पाण्याची बाटली रोज घरी भरलेली परत येते हे मला बायकोनं सांगेपर्यंत माहीत नव्हतं. पोरगी सातवीत. विचारलं तर आधी सांगेचना, मग म्हणाली पप्पा पाणी प्यायलं की जावं लागतं आणि तिथे बादलीत पाणी नसतं, मावशी मधल्या सुट्टीत एकदाच आणतात. सकाळी आठ ते दुपारी दोन. सहा तास. वर्गातल्या बऱ्याच मुली असंच करतात म्हणे, त्यांच्यात ते ठरलेलंच आहे, कुणी घरी सांगत नाही. आता मावशींना नावं ठेवायची सोय नाही हं, ती बाई एकटी तीन मजल्यांवर बादल्या वाहते.

मग मी पालक-शिक्षक संघाच्या मीटिंगला पहिल्यांदा गेलो (एरवी बायको जाते). तिथे म्हटलं की गच्चीचं पाणी साठवूया, तर उत्तर आलं की आपल्याकडे रेन वॉटर हार्वेस्टिंग आहे, बिल्डिंग बांधली तेव्हाच केलंय, सर्टिफिकेट पण आहे. कुठे आहे म्हटलं. तर मैदानाच्या कोपऱ्यात नेऊन दाखवलं. सिमेंटचं चौकोनी झाकण, त्यावर लोखंडी बाक ठेवलेला, बाकावर नववीची पोरं डबा खात बसलेली. झाकण उघडलं तर आत राडारोडा, चिप्सची पाकिटं आणि कोरडी माती. गच्चीचा एकही पाइप त्या खड्ड्याला जोडलेला नव्हता, आयुष्यात कधीच नसावा, कारण भिंतीपासून खड्ड्यापर्यंत चर खणल्याची खूणसुद्धा नाही.

शाळेचं नाव मी लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, कारण असे खड्डे किती सोसायट्यांमध्ये बघितलेत मोजायचे झाले तर दुकान बंद ठेवावं लागेल. नियम कडक आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटला हे सक्तीचं आहे, शिवाय पुण्यात सोसायट्यांना असं काही केलं तर मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत मिळते. त्यामुळे खड्डा होतो. खड्ड्याचा फोटो निघतो, कागद फाइलला लागतो. आणि पाणी रस्त्यावर.

बरं तो शोषखड्डा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, खरोखर जोडलेला असता तरी मुलींच्या संडासात पाणी आलं असतं का? हा माझा खरा मुद्दा आहे आणि यासाठीच पत्र लिहितोय. आपल्याकडे हार्वेस्टिंग म्हटलं की सगळे जमिनीत मुरवायच्या गोष्टी करतात. मुरवणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण पुण्याखाली आहे काळा पाषाण, बसाल्ट. वर थोडी माती, मग मुरूम, मग दगड, आणि पाणी राहतं ते दगडाच्या भेगांमध्ये आणि जिथे दगड कुजलेला किंवा जाळीदार आहे तिथे. तुम्ही इथे मुरवलेलं पाणी तुमच्याच बोअरला येईल याची काही गॅरंटी नाही, ते भेग जिकडे जाते तिकडे जातं, कदाचित खालच्या अंगाच्या सोसायटीच्या बोअरला. त्यांचं भलं होवो. पुण्यात अ‍ॅक्वाडॅमसारखी संस्था आहे जिथली माणसं यावरच काम करतात, कुठे मुरेल कुठे नाही हे ते दगड बघून सांगतात. आपला काँट्रॅक्टर जेसीबीवाल्याला म्हणतो इथं मोकळी जागा आहे, इथं घे. शाळेला पाणी हवंय ते आत्ता, दहा वाजून वीस मिनिटांच्या मधल्या सुट्टीत हवंय. त्याला टाकी लागते, खड्डा नाही.

आता हिशोब सांगतो. तो मी बिलबुकाच्या मागच्या बाजूला केला आणि मीटिंगमध्ये तोच फिरवला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी, याच्यापेक्षा सोपं गणित जगात नाही. आमच्या शाळेची गच्ची ८,००० चौरस फूट, म्हणजे ७४३ चौरस मीटर. तर एका मिलिमीटरला ७४३ लिटर. गच्ची तापलेली असते, कोबा थोडं पितो, थोडं उडतं, थोडं कडेनं ओघळतं, म्हणून वीस टक्के सोडून द्यायचे, उरले साधारण ६०० लिटर. एक मिलिमीटर म्हणजे ६०० लिटर. हे एकदा डोक्यात बसलं की पावसाकडे बघायची नजर बदलते, मला आता पेपरात १७ मिमी पाऊस वाचलं की टँकर दिसतो, कारण १७ गुणिले ६०० म्हणजे १०,२०० लिटर, एक अख्खा टँकर आणि वर २०० लिटरचं एक पिंप.

पुण्यात वर्षाला सरासरी ७०० ते ७५० मिलिमीटर पडतो. ७०० धरा. ४ लाख २० हजार लिटर. बेचाळीस टँकर. मीटिंगमध्ये हा आकडा सांगितल्यावर एका वडिलांनी टाळीच वाजवली, म्हणाले म्हणजे टँकर बंद! तेव्हा मला बिलबुकाचं दुसरं पान दाखवावं लागलं. भारतीय मानकांप्रमाणे दिवसाच्या शाळेला माणशी ४५ लिटर पाणी धरतात. पोरं ६००. रोजचे २७,००० लिटर. आता भागा. ४ लाख २० हजार भागिले २७,०००, साडेपंधरा दिवस. वर्षभराचा सगळा पाऊस, एक थेंब न सांडता धरला तरी शाळेला पंधरा दिवस पुरतो. टाळी वाजवणारे गप्प बसले आणि मागून एक जण म्हणाले, मग कशाला हा उद्योग.

त्यांचं चुकलं असं नाही. पावसाच्या पाण्यावर शाळा चालवतो म्हणणारा माणूस एक तर खोटं बोलतोय नाहीतर त्याची गच्ची विमानतळाएवढी आहे. ही जोडीची सोय आहे. भाकरीबरोबर कोरड्यास असतं तसं, नुसत्या कोरड्यासानं पोट भरत नाही पण नुसती भाकरीही घशाखाली उतरत नाही. म्हणून प्रश्न असा विचारायचा की शाळेतलं कुठलं एक काम या पाण्यावर पूर्ण निभेल. संडास. मी मावशींबरोबर एक आठवडा बादल्या मोजल्या (हो खरंच मोजल्या, दुकानात भाच्याला बसवून), अख्ख्या शाळेच्या संडास-मुताऱ्यांना दिवसाला ५,००० लिटरच्या आसपास लागतं, त्यातलं तळमजल्याच्या मुलींच्या ब्लॉकला २,०००. आता परत भागा. ४ लाख २० हजारांत ५,००० म्हणजे ८४ दिवस. आणि शाळा कधी भरते? जून मध्यावर. पाऊस कधी येतो? तेव्हाच. जून ते दिवाळीची सुट्टी, शाळेचे दिवस धरले तर तितकेच काहीतरी होतात. शेतकऱ्याला पाणी उन्हाळ्यात लागतं, सोसायटीला उन्हाळ्यात लागतं, आणि शाळा उन्हाळ्यात बंद! पावसाच्या वेळापत्रकाशी इतकं जुळणारं दुसरं गिऱ्हाईक पुण्यात नाही.

याच्यामुळे टाकीचा हिशोब पण बदलतो. लोक घाबरतात की ४ लाख लिटरची टाकी कुठे बांधणार. बांधायचीच नाही. वर्षभर साठवायचंच नाहीये. जुलै-ऑगस्टमध्ये टाकी दोन-चार दिवसांत रिकामी होते आणि पुढच्या सरीला परत भरते, छोटी टाकी पंधरा-वीस वेळा भरली तर ती मोठीच झाली की. एकदम १०० मिलिमीटर पडला तर ६०,००० लिटर येणार, त्यातलं बरंचसं वाहून जाणार, जाऊ द्या, तसंही जातच होतं.

"पण पावसाळ्यात कॉर्पोरेशनचं पाणी असतंच ना" हा दुसरा आक्षेप. पेठेत राहणाऱ्यांना असं वाटणं साहजिक आहे. आमच्या साखळीतली चार धरणं, खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर, मिळून २९ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) घरात पाणी मावतं आणि खडकवासला तर धायरीच्या शेजारी, पाऊस लागला की सायरन वाजवून पाणी नदीत सोडतात. पण गाव २०१७ ला पालिकेत आलं म्हणून पाइप २०१७ ला आला असं होत नाही. आमच्याकडे पाणी येतं, दिवसाआड, आणि जुलैत पूर आला की गढूळ येतं, कधी लाइट जाते मग प्रेशर नसतं. २०२५ च्या जानेवारीत आमच्याच पट्ट्यात, धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव, जीबीएसचे (गुईलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार) पेशंट निघाले तेव्हापासून तर पाणी म्हटलं की पालकांच्या पोटात गोळा येतो. अशा वेळी जे थोडं स्वच्छ नळाचं पाणी येतं ते प्यायला आणि हात धुवायला राहावं, संडासात ओतायला कशाला वापरायचं? टँकरचं तर त्याहून नाही.

तर आम्ही काय केलं ते सांगतो. सगळं नाही केलं. सहा पाइपांपैकी दोन जोडले. एका कंपनीच्या माणसानं आधी कोटेशन दिलं होतं, "प्लँट" म्हणून, त्यात तीन प्रकारचे फिल्टर, डिजिटल मीटर, माहितीफलक, उद्घाटनाच्या फितीचा तेवढा खर्च नव्हता. ते बाजूला ठेवलं. मे महिन्याच्या सुट्टीत मुलींच्या ब्लॉकच्या मागे साडेतीन फूट उंचीचा दगडी ओटा बांधला, मुरूम ठोकून वर काँक्रीट ओतलं आणि त्यावर ५,००० लिटरच्या दोन काळ्या टाक्या बसवल्या. ओट्यावर कंजूषी करू नका एवढं मात्र हात जोडून सांगतो, ५,००० लिटर म्हणजे पाच टन, भरलेला ट्रक उभा करतोय असं समजा, आणि जुन्या बिल्डिंगच्या गच्चीवर तर असली टाकी चढवूच नका. ओटा उंच केल्यामुळे मोटर लागली नाही. पाणी आपोआप उतारानं संडासाच्या नळाला येतं, धार बारीक आहे पण बादली भरते, आणि लाइट गेली तरी येते. टाकीला आजकाल लिटरमागे सहा-आठ रुपये पडतात, मी माझ्या दुकानातून मार्जिन न घेता दिल्या. हे लिहायचं नव्हतं पण बायको म्हणाली लिहा, नाहीतर लोक म्हणतील दुकानाचा धंदा करायला पत्र लिहिलंय.

पहिल्या पावसाचं पाणी घ्यायचं नाही हे सगळ्यांना माहीत असतं. पुण्यात तर कबुतरं आहेत, आमच्या गच्चीवर आठ महिन्यांत जे साठतं ते धुऊन येणारं पहिलं पाणी मी संडासात पण ओतणार नाही. त्यासाठी बाजारात एक तीन फुटी उभा पाइप मिळतो, शेवटाला कॅप, त्यात म्हणे पहिलं पाणी अडकतं. मीच विकलेत कितीतरी. आता लाज वाटते सांगायला, पण कधी हिशोबच केला नव्हता. ११० एमएमच्या एक मीटर पाइपमध्ये जेमतेम ९ लिटर मावतं. आमच्या एका पाइपच्या वाट्याला गच्ची येते १२४ चौरस मीटर, नुसतं एक मिलिमीटर पाणी सोडून द्यायचं म्हटलं तरी १२४ लिटर, म्हणजे चौदा मीटर उंच पाइप पाहिजे, आमची तीन मजली बिल्डिंगसुद्धा एवढी उंच नाही. तो तीन फुटी पाइप म्हणजे खेळणं आहे. आम्ही अँगलचा स्टँड करून टाकीच्या तोंडाच्या उंचीला एकेक २०० लिटरचं पिंप ठेवलं. आधी पिंप भरतं, ते भरलं की टी-मधून (तीन तोंडांच्या जोडातून) पाणी टाकीकडे वळतं. पिंपाच्या बुडाला एक छोटा नळ, तो कायम थोडा थेंबत ठेवायचा म्हणजे पुढच्या पावसापर्यंत पिंप आपोआप रिकामं. शिवाय मेच्या शेवटी गच्ची झाडून घ्यायची आणि वळवाचे एक-दोन पाऊस सरळ सोडून द्यायचे. मृग लागला की जोडायचं.

चुका झाल्या, भरपूर झाल्या. पहिली माझीच. मी हौसेनं वाळू, खडी, कोळसा असा थरांचा फिल्टर केला, शाळेच्या पुस्तकात चित्र असतं तसा. तिसऱ्याच दिवशी जोराचा पाऊस आला आणि वाळू तुंबली, दोन तास पाणी फिल्टरच्या ड्रमवरून भिंतीवर ओतत होतं आणि टाकी पाव सुद्धा भरली नाही. मग आमच्या दुकानातल्या प्लंबरनं एक वाक्य टाकलं, "शेठ, संडासात ओतायच्या पाण्याला वाळू कशाला?" खरं आहे. वाळू काढली, स्टीलची बारीक जाळी बसवली, ती शिपाई मामा आठवड्यातून एकदा उलटी करून झटकतात. संपला विषय. दुसरी चूक पाइपच्या तोंडाला जाळी न लावायची. एका दुपारी सातवी ब च्या छताला ओल आली, वर जाऊन बघतो तर गच्चीवर चार बोटं पाणी, तळं झालेलं, आणि पाइपच्या तोंडात टेनिसचा बॉल असा फिट्ट बसलेला की जणू मापानं घेतला असावा. आता घुमटीसारखी जाळी लावलीये. त्या जाळीपाशी आतापर्यंत तीन बॉल, एक चप्पल आणि गुलमोहराचा पाला सापडलाय.

तिसरी गोष्ट डासांची. पालिकेचा तपासणीवाला आला, टाक्या बघितल्या, व्यवस्थित होत्या, झाकण घट्ट, ओव्हरफ्लोला मच्छरदाणीची जाळी. मग त्यानं पिंपाचं झाकण उचललं. आत अळ्या. नळ थेंबत ठेवायचा तो कुणीतरी घट्ट बंद केला होता, आठवडाभर पाणी साचून राहिलं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो त्यामुळे पावसाचं पाणी त्याला मानवतंच. त्यानं लेखी समज दिली, बरोबर दिली. आता त्या नळाची मूठच काढून ठेवलीये.

आणि एक, प्यायचं नाही म्हणजे नाही. पावसाचं पाणी मऊ असतं, साबणाला फेस येतो, आमच्या बोअरच्या पाण्यासारखे नळावर पांढरे थर चढत नाहीत हे सगळं खरं, पण नळाच्या पाण्यात शेवटपर्यंत थोडं क्लोरीन शिल्लक राहिलं पाहिजे असा नियम आहे, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम, आणि गच्चीच्या पाण्यात ते शून्य असतं, वर कबुतरं. त्यामुळे या टाकीची लाइन पूर्ण वेगळी, पाइपला हिरवा पट्टा मारलाय, प्यायच्या लाइनला कुठेही जोड नाही. टाकी रिकामी झाली तर टँकरचं पाणी वरून सोडायची सोय आहे पण तो पाइप टाकीच्या पाण्याला टेकत नाही, वर अंतर राखून सोडलाय, म्हणजे उलटं काही खेचलं जायचा प्रश्न नाही. नळांवर "पिण्याचे पाणी नाही" लिहिलंय आणि पहिलीच्या पोरांना वाचता येत नाही म्हणून फुली मारलेल्या ग्लासाचं चित्र काढलंय. ते चित्र आठवीच्या एका मुलानं काढलंय, ग्लास जरा फुलदाणीसारखा आलाय.

आमच्या पुण्याला हौदाचं पाणी नवीन आहे का हो? नानासाहेब पेशव्यांच्या वेळी अठराव्या शतकात कात्रजच्या तलावातून जमिनीखालून दगडी नळ आणून पेठांमधल्या हौदांत पाणी खेळवलं, डोंगरावरचा पाऊसच होता तो. मधे मधे हवा जायला उच्छ्वास बांधलेले. लोक आज त्याचे हेरिटेज वॉक करतात, फोटो काढतात, आणि घरी येऊन टँकरवाल्याला फोन लावतात.

निकाल काय ते पण सांगतो, फुगवून नाही. पावसाळ्यात आठवड्याला चार टँकर यायचे, या वर्षी तीन आले. एवढंच. एक टँकर कमी. जूनच्या शेवटच्या आठवड्यात पावसानं दडी मारली तेव्हा टाक्या कोरड्या पडल्या आणि चारच्या चार आले. दिवाळीनंतर परत चार होतील हे पण माहीत आहे. पण तळमजल्याच्या मुलींच्या ब्लॉकमध्ये जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर नळाला पाणी होतं, मावशींची त्या मजल्याची बादली सुटली, आणि आमच्या घरी बाटली रिकामी यायला लागली. कधी अर्धी येते. मग मी काही विचारत नाही, बायको विचारते.

शाळेनं आता वर्गात पण घेतलंय ते. सरांनी बाटली कापून पाऊसमापक केला, सरळ भिंतीची बाटली पाहिजे, कोल्ड्रिंकची कमरेत बारीक असते ती चालत नाही, हे पोरांनीच शोधलं. फळ्यावर रोज लिहितात, आजचा पाऊस इतके मिमी, टाकीत आले इतके लिटर. दोन पाइपच जोडलेत म्हणून २०० नं गुणायचं. सहावीच्या एका पोरीनं माझा हिशोब तपासून सांगितलं की काका तुम्ही वीस टक्के सोडता पण बारीक पावसात जास्त जातं, दोन मिलिमीटर पडला त्या दिवशी टाकीत काहीच आलं नाही. तिला म्हटलं बरोबर, तेवढं तर पिंपानंच घेतलं असणार.

माझी विनंती सरकारला वगैरे नाही, ते त्यांच्या चालीनं चालतं. विनंती पालकांना आहे. शिक्षण हक्क कायद्यात, २००९ च्या, मुलामुलींना वेगळे संडास आणि प्यायचं पाणी हे शाळेला बंधनकारक आहे, पण त्या संडासाच्या नळाला पाणी आहे का हे मीटिंगला जाऊन कुणी विचारत नाही, आपण सगळे युनिट टेस्टचे मार्क विचारतो. पुढच्या मीटिंगला जाल तेव्हा दोन गोष्टी बघून या. एक, शाळेचा हार्वेस्टिंगचा खड्डा कुठाय आणि त्याला पाइप येतो का. दोन, मुलींच्या ब्लॉकमधला नळ सोडून बघा, मधल्या सुट्टीत, सकाळी नाही, सकाळी सगळीकडेच असतं. मुलींच्या ब्लॉकमध्ये आपल्या बायकोला किंवा एखाद्या आईला पाठवा, स्वतः घुसू नका, मी घुसलो होतो, रिकामा आहे समजून, मावशींनी झाडू उगारला.

आता उरलेल्या चार पाइपांचं काम दिवाळीच्या सुट्टीत काढलंय. टाक्यांचे पैसे निम्मे जमलेत, ओट्याचा दगड एका पालकांच्या साइटवरून मिळतोय. अडलंय ते पिंपांवर. झाकणाची २०० लिटरची चार प्लास्टिकची पिंपं हवीयेत. नवीन घ्यायची तर घेता येतील, पण पुण्यात कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये नक्की पडून असणार. तेलाची, लोणच्याची, गुलकंदाची चालतील, केमिकलची नकोत, धुतलेली असली तरी नकोत. कुणाकडे असतील तर तुमच्या ऑफिसला निरोप द्यावा, माझा पत्ता तिथे दिलेला आहे, टेम्पो मी पाठवतो.

आपला,
एक पालक आणि पाइपवाला
धायरी, पुणे